जांभोरीचे होनाजी आणि घोडेगावचा खजिना

1874 च्या आसपास पुणे जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातले सावकार गाव सोडून जाऊ लागले. भीमाशंकरपासून जुन्नरच्या घाटमाथ्यापर्यंत, अकोल्याच्या खोऱ्यात आणि घाटाखाली कल्याण-मुरबाडच्या बाजूलाही एकाच टोळीची दहशत होती. ही टोळी सावकाराचे घर लुटायची आणि काही ठिकाणी त्याचे नाक कापून त्याला जिवंत सोडायची. जिवंत सोडण्यामागे हिशेब होता. मेलेला माणूस दोन दिवसांत विस्मरणात जातो, नाक कापलेला माणूस मात्र पुढची वीस वर्षे बाजारात हिंडत राहतो आणि त्याला पाहणारा प्रत्येक जण ती गोष्ट पुन्हा सांगतो.

टोळीचा म्होरक्या होता होनाजी भागोजी केंगले. सरकारी कागदांत त्याची नोंद ‘होन्या’ अशी आहे. जांभोरी त्याचे गाव, आज ते आंबेगाव तालुक्यात येते. महादेव कोळी समाजातला हा वजनदार माणूस होता, भुकेने रानात शिरलेला भुरटा चोर नव्हता. त्याच्या मागावर कर्नल स्कॉट आणि सिंक्लेअर या सनदी अधिकाऱ्याच्या हाताखाली 175 हत्यारबंद पोलीस धाडले गेले. त्याच्यावर एक हजार रुपयांचे इनाम लागले, तर त्याच्या वीस साथीदारांवर दोनशे ते सहाशे रुपयांचे. त्या काळात डोंगरातल्या कुणब्याला किंवा कोळ्याला एक हजार रुपये आयुष्यात एकदाही एकत्र पाहायला मिळत नसत. तरीही होनाजी जुलै 1876 पर्यंत सापडला नाही.

मुंबई सरकारच्या गॅझेटिअरमध्ये या बंडाची हकीकत आहे, आणि ती लिहिणाऱ्याने एक गोष्ट आडपडदा न ठेवता नोंदवली आहे. सावकार डोंगरातल्या जमातींना सर्रास फसवतात, नाडतात आणि अधूनमधून त्यांना गुन्ह्याकडे ढकलतात, असा त्याचा अभिप्राय आहे. पोलीस पाठवणाऱ्या सरकारचीच ही कबुली म्हटली पाहिजे. कारण माहीत होते, रोगही माहीत होता, आणि तरी 175 बंदुका आधी निघाल्या. सावकारीवरचा कायदा यायला 1879 उजाडले.

माणसे हिंसेच्या वाटेला कशी लागतात आणि तिथून कशी मागे वळवता येतात, हा प्रश्न आज गडचिरोलीपासून युरोपातल्या शहरांपर्यंत सगळीकडे विचारला जातो. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांत तो एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्याची बरी-वाईट उत्तरेही तिथे देऊन झाली आहेत.

जुन्नर शहराजवळच्या एका आठवणीपासून सुरुवात करावी लागते. कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 च्या दशकात महादेव कोळ्यांची जी माहिती गोळा केली, तीत सतराव्या शतकातल्या एका उठावाची हकीकत येते. मोगली अंमलात जमिनीची नवी मोजणी आणि नवा सारा आला. त्याविरुद्ध कोळी नायक उठले, हरले आणि पकडले गेले. जुन्नरजवळ त्यांची मुंडकी रचून त्यांवर चौथरा बांधला गेला, असे ही परंपरा सांगते. तो चौथरा म्हणजेच ‘काळा चबुतरा’. या हकिकतीचा तपशील इतिहासकार पारखून घेतील. पण नायकांची घराणी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिली आणि दोनशे वर्षांनी एका परक्या अधिकाऱ्यालाही ती सांगावीशी वाटली, एवढे निश्चित. अपमान आणि कत्तल यांची स्मृती अशी साठत जाते. पुढे कोणी नवा म्होरक्या आला की त्याला ती तयार सापडते.

मराठेशाहीत मात्र हेच कोळी डोंगरी किल्ल्यांच्या शिबंदीत होते. चावंड, हडसर, जीवधन आणि शिवनेरी या किल्ल्यांवर आणि त्यांच्या घेऱ्यातल्या मेटांवर पहारा करायचा, घाटवाटा राखायच्या आणि त्या बदल्यात वेतन आणि जमिनीचे हक्क मिळवायचे, अशी ती व्यवस्था होती. मे 1818 मध्ये मेजर एल्ड्रिजने चावंड घेतला. तोफा डागून झाल्यावर किल्ल्याच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. त्या तुटलेल्या पायऱ्यांवरूनच आज गिर्यारोहक लोखंडी कठड्यांना धरून वर जातात. इंग्रजांच्या लेखी किल्ला निकामी झाला, काम संपले. डोंगरातल्या शेकडो घरांच्या लेखी मात्र वर्षाचे धान्य, हातातले शस्त्र आणि गावातला मान, तिन्ही गोष्टी एका दिवसात गेल्या. नुसती गरिबी माणूस सोसतो. काल ज्याच्या कमरेला सरकारी तलवार होती, त्यालाच आज शिपाई रानचोर समजून हटकतो, हे सोसणे कितीतरी अवघड असते.

1828 च्या सुमारास रामजी भांगरे उठले. नायकांचे जुने हक्क कमी केल्याची त्यांची तक्रार होती. मॅकिंटॉश त्याच मोहिमेवर डोंगरात आला होता.

आणि मग 1839. घोडनदीच्या वरच्या खोऱ्यातले घोडे, म्हणजे आजचे घोडेगाव, तेव्हा महालकऱ्याचे ठाणे होते. भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे या तिघांनी कोळ्यांची जमवाजमव केली आणि पेशव्यांच्या नावाने राज्य चालवत असल्याचे जाहीर केले. सुमारे दीडशे माणसे घोड्याच्या खजिन्यावर चालून गेली. पुण्याचा असिस्टंट कलेक्टर रोझ वेळेवर तिथे पोचला. महालकऱ्याने जमवलेले शिपाई आणि गावकरी बरोबर घेऊन त्याने रात्रभर हल्ला थोपवून धरला. पुढे फौज आली आणि धरपकड झाली. 54 जणांवर खटले चालले. रामचंद्र गणेश गोरे नावाचा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर एक कोळी फासावर गेला. आणखी 24 जणांना काळे पाणी किंवा कैद झाली.

या उठावामागे एक अफवा होती, आणि तिच्यापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. इंग्रजांची बहुतेक फौज देश सोडून गेली, असे डोंगरात पसरले होते. ते अगदीच खोटे नव्हते. 1838 च्या अखेरीस मुंबई इलाख्याची मोठी फौज जनरल कीनच्या हाताखाली सिंधमार्गे अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेली होती. कोणीतरी पुण्याच्या छावणीतून पलटणी जाताना पाहिल्या. दुसऱ्याने त्यात भर घातली. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत बातमीचे रूप बदलले होते: साहेब गेला, राज्य मोकळे पडले. ज्याच्या मनात सूड तयार आहे त्याला असली बातमी पडताळून पाहावीशी वाटत नाही, कारण ती त्याला हवी असते. आजच्या अफवा मोबाइलवरून काही मिनिटांत पसरतात, हा वेगाचा फरक. त्यांची घडण मात्र 1839 मधल्यासारखीच आहे. आधी मनातली जुनी जखम, मग खऱ्या गोष्टीचा एक तुकडा, आणि तो सांगणारा विश्वासातला माणूस.

नेतृत्व आणि अनुयायी यांच्यातले अंतरही इथे दिसते. वरच्या तिघांना पेशवाई परत हवी होती. दीडशे कोळ्यांपैकी किती जणांना बाजीरावाच्या गादीची ओढ होती? किल्ल्यांवरची कामे सुटल्याने ते बेकार होते आणि त्यांच्यापुढे खजिना होता. एकाच टोळीत असे दोन हेतू नांदत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला एकच घोषणा ऐकू येते, आणि सरकार त्या घोषणेशी लढत बसते.

1844 पासून रामजींचे चिरंजीव राघोजी भांगरे यांचे बंड चालले. सावकारांचे नाक-कान कापण्याचा प्रकार त्यांच्याच काळात गाजला. जानेवारी 1848 मध्ये ते पंढरपुरात पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. बाप उठला, मग मुलगा उठला, आणि मधल्या काळात फाशा, काळे पाणी, चौक्या हे सगळे होऊन गेले होते. नुसत्या शिक्षेने ही साखळी तुटत नव्हती.

ती एकदा तुटली, 1857 मध्ये. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदूर शिंगोट्याजवळ भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. त्याच्या जागी कॅप्टन नटॉल आला. भिल्लांपाठोपाठ कोळीही उठतील, अशी सरकारला धास्ती होती. नटॉलने वेगळा विचार केला. बामले घराण्याच्या जावजी नायकांना त्याने हाताशी धरले आणि त्यांच्या शब्दावर कोळ्यांचीच पलटण उभारायला घेतली. डिसेंबर 1857 मध्ये शंभर माणसे आपापल्या तलवारी-बंदुका घेऊन भरती झाली, आणि वाढत वाढत ही संख्या सहाशेवर गेली. डोंगर पायाखाली घालणारी ही माणसे थोड्याच दिवसांत कवायतीत पक्की झाली. ज्या घराण्यांतून बंडखोर निघत होते, त्याच घराण्यांतली माणसे आता बंदोबस्त करू लागली. ज्या डोंगरांत 1839 आणि 1845 मध्ये आग लागली होती, ते 1857 च्या वणव्यात बहुतांशी शांत राहिले.

मार्च 1861 मध्ये सरकारने पलटण मोडली. काही जण पोलिसांत गेले, काहींना पेन्शन मिळाले, उरलेले सगळे घरी जाऊन नांगराला लागले. पलटण उभारण्यात शहाणपण होते, हे सरकारी लेखकांनी नंतर मान्य केले. पण धोका टळला तसा खर्च डोळ्यांत खुपू लागला होता.

नटॉलचा उपाय निर्मळ होता, असे म्हणता येणार नाही. एका जमातीची माणसे दुसऱ्या जमातीवर सोडण्याचा डाव त्यात होताच. गडचिरोलीत 1990 साली स्थानिक तरुणांचे ‘सी-60’ पथक उभे राहिले. रान, भाषा आणि नाती ओळखणारी माणसे भरती करण्याचे तेच तत्त्व तिथे वापरले गेले. त्याची परिणामकारकता सगळे मान्य करतात, आणि भावाविरुद्ध भाऊ उभा करण्याचे दुःखही त्या जिल्ह्याने भोगले आहे. म्हणूनच तिथल्या पोलिसांनी पुढे ‘दादालोरा खिडकी’ सुरू केली, हे मला त्या पथकाइतकेच महत्त्वाचे वाटते. जातीचा दाखला, आधार कार्ड, योजनेचा अर्ज अशी कामे पोलीस ठाण्यातच होऊ लागली. 2005 पासून आत्मसमर्पण करणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजनाही आहे. जो माणूस रानातून परत येऊ इच्छितो, त्याला परतायला जागा लागते. 1861 नंतर जुन्नर-आंबेगावच्या कोळ्यांना ही जागा कोणी ठेवली नाही.

कारण त्याच वर्षांत दुसरे एक हत्यार डोंगरात पोचत होते. कागद.

1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कायदा करणाऱ्यांना वाटले, व्याज साचत जाणार नाही, कुळाचे भले होईल. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, आणि मागचे मुद्दल अधिक व्याज हे नव्या खताचे मुद्दल बनू लागले. समजा, शंभर रुपये शेकडा पंचवीस दराने घेतले. तीन वर्षांनी 175 चे नवे खत झाले आणि सहा वर्षांनी 306 रुपये. हातात आले शंभरच. शिवाय कुळाला वाचता येत नसे. खत कोणत्या रकमेचे, मागची पावती दिली का, दिलेले भात आणि नाचणी कोणत्या भावाने जमा धरली, हे सगळे सावकाराच्या वहीत राहायचे. दिवाणी कोर्ट तालुक्याच्या गावी. समन्स निघाल्याचे कुळाला कळायचे नाही, किंवा कळूनही दोन दिवसांची वाट तुडवून जायचे धैर्य व्हायचे नाही. मग एकतर्फी हुकूमनामा आणि मागोमाग जप्ती. कर्जापायी माणसाला कैदही होऊ शकत असे.

मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि दख्खनमध्ये पैसा आला. सावकारांनी मोकळ्या हाताने कर्जे दिली. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सावकारांनी हात आखडते घेतले. त्यातच जुन्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून जिल्ह्यात तालुक्यागणिक फेरआकारणी सुरू झाली आणि सारा बेसुमार चढला. 1870 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या हलाखीची चौकशी केली, अर्ज पाठवले. ते अर्ज होते इंग्रजीत आणि पुण्यात. जांभोरीपर्यंत त्यातले काय पोचणार?

होनाजी 1873 मध्ये उठला तो या पार्श्वभूमीवर. गावात वजन असलेला माणूस असा उठतो तेव्हा त्याच्या मागे भावकी असते. ज्याच्या खताची जप्ती झाली त्याचा चुलता, ज्याचा बैल नेला त्याचा मेहुणा. टोळी एखादे तत्त्वज्ञान वाचून जमत नाही, ती नात्यागोत्यातून जमते. एकाने पाऊल उचलले की दुसऱ्याला मागे राहणे लाजिरवाणे वाटते. पहिली लूट यशस्वी झाली की मागे फिरणे अवघड होते, कारण आता इनाम लागलेले असते. आणि बाकीचे गाव मुके होते. एक हजाराचे इनाम दोन वर्षे पडून राहिले ते या मुकेपणामुळे. त्यात भीती होती, पण बऱ्याच अंशी संमतीही होती.

तरी सावकाराची बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांची नाके कापली गेली ते अन्यायाच्या व्यवस्थेचे सूत्रधार नव्हते. डोंगरातल्या गावात दुकान घालून बसलेला वाणी स्वतः बहुतेक वेळा मोठ्या पेढीचा देणेकरी असे. मुदतीचा कायदा त्याने केला नव्हता, साऱ्याचा दरही त्याने ठरवला नव्हता. हिंसा नेहमी हाताशी असलेला माणूस निवडते. कलकत्त्यात बसून कायदा करणारा तिच्या टप्प्यात येत नाही. होनाजीला आज क्रांतिकारक म्हणून मान देताना त्या कापलेल्या नाकांची आठवण पुसू नये, असे मनापासून वाटते.

त्याच घोडनदीच्या खालच्या अंगाला, शिरूर तालुक्यातल्या करड्यात, डिसेंबर 1874 मध्ये दुसरी एक वाट निघाली. काळुराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला काढले. देशमुखांनी गाव एकत्र केले. ठराव झाला: या सावकारांची जमीन कोणी कसायची नाही, त्यांच्या दुकानात जायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत, पाणक्याने पाणी भरायचे नाही. रक्ताचा थेंब न सांडता सावकार गाव सोडून तालुक्याच्या गावी गेले. बहिष्काराचे हे लोण गावोगाव पसरले आणि लेखी ठराव झाले. महाराष्ट्राच्या इतिहासातला हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीपुरता येतो. माझ्या मते तो त्याहून कितीतरी मोठा आहे. संताप तेवढाच होता, पण त्याला सगळ्या गावाने मिळून वळण दिले, आणि ते देणारा माणूस गावात राहणारा, नावानिशी ओळखला जाणारा होता.

पाच महिन्यांत तीही वाट पेटली. 12 मे 1875, भीमथडी तालुक्यातले सुपे, बाजाराचा दिवस. जमावाने गुजराती व्यापाऱ्यांच्या घरादुकानांवर हल्ला केला, वह्या आणि खते हिसकावून जाळली. तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. मारहाण तुलनेने कमी झाली, जाळला गेला तो कागद. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 जण पकडले गेले आणि 501 जणांना शिक्षा झाली. होनाजीच्या धास्तीने डोंगरातले सावकार पळाल्याचे पाहून मैदानातल्या गावांना धीर आला, असे गॅझेटिअर म्हणते. हा संबंध पूर्ण खरा मानला नाही तरी एक दिसते. एका खोऱ्यात यशस्वी झालेली दहशत शेजारच्या खोऱ्यातल्या संयमाला दुबळा ठरवते.

जुलै 1876 मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने होनाजीला पकडले. तीन वर्षांनी हाच डॅनियल आणखी एका बंडखोराच्या मागावर होता.

वासुदेव बळवंत फडके. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला असलेला शिरढोणचा कारकून. आईच्या आजारपणात रजा मिळाली नाही, आई गेली, तिच्या वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. पण फडके लगेच तलवार घेऊन निघाले नाहीत. त्यांनी महादेव गोविंद रानड्यांची व्याख्याने ऐकली, स्वतः व्याख्याने दिली, स्वदेशीचे व्रत घेतले, आणि 1874 मध्ये इंदापूरकर आणि भावे यांच्यासह पुण्यात शाळा काढली. शाळा काढणारा माणूस चार-पाच वर्षांत दरोडे घालू लागतो, तेव्हा मधल्या वर्षांत काय घडले ते पाहावे लागते. मधे 1876-77 चा दुष्काळ होता. फडके गावोगाव फिरले, माणसे मरताना त्यांनी पाहिली. 23 फेब्रुवारी 1879 रोजी त्यांनी रामोश्यांना घेऊन शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. साथीदारांना लुटीची चिंता आहे, स्वराज्याची नाही, ही निराशा त्यांच्या आत्मचरित्रात दिसते. घोड्याच्या खजिन्यासमोर 1839 मध्ये जी फट होती, तीच ही. जुलै 1879 मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगीला डॅनियलने त्यांना पकडले. फेब्रुवारी 1883 मध्ये ते एडनच्या तुरुंगात वारले.

फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, मे 1879 मध्ये, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. संशयाची सुई रानड्यांकडे वळली आणि त्यांची धुळ्याला बदली झाली. सनदशीर मार्गाचा इतका मोठा पुरस्कर्ता दुसरा नव्हता. अर्ज, सभा आणि आकडेवारी यांवर श्रद्धा असलेल्या माणसालाच सरकारने बंडखोरांच्या यादीत पाहिले. मवाळ माणसाला असे वागवले की तरुणांना निराळा उपदेश करायची गरज उरत नाही. सुदैवाने रानडे डगमगले नाहीत. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी तर फडक्यांचे वकीलपत्रच घेतले. फडक्यांचा मार्ग जोशींना मान्य नव्हता, तरीही खटल्यात फडक्यांची बाजू नीट मांडली गेली पाहिजे, हे त्यांनी पाहिले. त्या काळात याला मोठे धाडस लागत होते.

त्याच 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्यक कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातले एक कलम सगळ्या चौक्यांहून मोलाचे होते. न्यायाधीशाने खतावरच्या आकड्यावर विसंबू नये, व्यवहार पहिल्यापासून तपासावा आणि खरे मुद्दल किती ते शोधावे. कर्जापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली. सावकाराने पावती आणि हिशेब देणे बंधनकारक झाले, गावपातळीवर दस्त नोंदवण्याची सोय झाली, तडजोड करणारे पंच नेमले गेले. पुढे याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विशेष न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली ती रानड्यांची. ज्यांना संशयाने धुळ्याला धाडले होते, तेच आता जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कोर्टांचे काम तपासू लागले.

कायद्यात पळवाटा होत्या. गहाणखताऐवजी सावकार थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले, तोंडी वचन मात्र ‘पैसे दे, जमीन परत’ असे असायचे. कितीतरी जमिनी अशा गेल्या. तरी कुळाला आता कोर्टात तोंड उघडून ‘हा आकडा खोटा आहे’ असे म्हणता येत होते, आणि न्यायाधीशाला ते ऐकावे लागत होते. तोपर्यंत हे म्हणण्याची एकच जागा होती, रानात, कोयता हातात घेऊन.

जांभोरीपासून फार लांब नसलेल्या डिंभ्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोडनदीवर धरण बांधले गेले. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते गावच पाण्याखाली गेले, आणि त्याबरोबर महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांची भातखाचरे गेली. पाणी पूर्वेकडच्या उसाला मिळाले. होनाजीच्या काळाशी ताडून पाहिले तर संतापाची सगळी सामग्री तिथे हजर होती: गेलेली जमीन, लांबची कचेरी, न कळणारे कागद आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेली बंडाची कथा.

तिथे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने लोकांबरोबर अनेक वर्षे ठिय्या दिला. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन विस्थापितांनाच कसायला मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले, धरणे धरली. आदिवासींच्या सहकारी संस्थेसाठी मासेमारीचा हक्क मागितला, होड्या आणि जाळी मिळवली. उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे काढायची ‘पडकई’ ही डोंगरातली जुनी सामूहिक रीत पुन्हा चालवली. यातले प्रत्येक काम कंटाळवाणे होते. नकाशे, सातबारा, कलेक्टर कचेरीतल्या खेपा, नाकारलेले अर्ज आणि पुन्हा तेच अर्ज. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार या कामाला मिळाला. घोडेगावात आज आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. हिरड्याच्या भावाचे, वनहक्काच्या दाव्यांचे आणि आश्रमशाळांच्या दुरवस्थेचे गाऱ्हाणे घेऊन डोंगरातली माणसे तिथे मोर्चाने येतात. अधिकारी बाहेर येऊन निवेदन घेतात. त्या निवेदनांवर काय होते, किती दिवसांत होते, आणि नकार आला तर त्याचे कारण माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले जाते की नाही, याचा हिशेब त्या कार्यालयाकडून दरवर्षी जाहीरपणे मागितला जायला हवा.